मुळांचे मुके सोबती

आज मी तुम्हांला एका गड्याची ओळख करून देणार आहे. हा गडी तुमच्या रानात बारमाही राबतो, पण तुम्ही त्याला कधी पाहिलेले नाही. त्याला पगार नको, फक्त दोन घास साखर हवी. आणि ती साखरही तुमच्या घरातली नव्हे, पिकाच्या पानांत तयार होणारी. हा गडी म्हणजे एक बुरशी.

बुरशी म्हटले की आपल्याला शिळी भाकरी आठवते किंवा कणसावरची काणी. पण सगळ्याच बुरशा चोर नसतात. १८८५ साली फ्रँक नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने झाडांची मुळे तपासताना पाहिले, की बुरशी आणि मूळ एकजीव होऊन नांदत आहेत. या जोडीला त्याने 'मायकोरायझा' असे नाव दिले. आपण तिला कवकमूळ म्हणू. ज्वारी, बाजरी, तूर, कापूस, कांदा, मका या आपल्या बहुतेक पिकांच्या मुळांत ही बुरशी असते. कोबी, मोहरी, मुळा, पालक अशी थोडी पिके मात्र तिला घरात घेत नाहीत.

आता हिचे काम काय, ते पाहा. रान वाळू लागले की ओल मातीच्या अगदी बारीक छिद्रांत जाऊन बसते. मुळाला तिथे शिरता येत नाही. शिवाय मूळ आक्रसते आणि माती व मूळ यांत फट पडते. बुरशीचे धागे आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही बारीक असतात. ते त्या फटीतून पलीकडे जातात, छिद्रांत शिरतात. तिथून ते थोडे पाणी आणतात. पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे स्फुरद आणतात. कोरड्या मातीत स्फुरद जागचे हलत नाही. ते जिथे असेल तिथे जाऊनच आणावे लागते. हेच धागे मातीचे कण बांधून ठेवतात, म्हणून पाऊस जमिनीत मुरतो.

हे सगळे मी वर्गात कित्येक वर्षे शिकवीत आलो. पण खरा धडा मला मिळाला तो घरच्या रानात. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे मराठवाड्यात पावसाने दगा दिला. आमचा एक तुकडा पड राहिला. मी अण्णांना म्हणालो, "बरंच झालं, जमिनीला विसावा मिळेल. ट्रॅक्टरने खोल नांगरून ठेवा, तणाचं मूळसुद्धा ठेवू नका." माझ्या शब्दाखातर त्यांनी तसे केले. २०१६ साली पाऊस चांगला झाला. शाळू पेरला. ओल भरपूर होती, पण त्या तुकड्यातली रोपे खुजी राहिली, पाने जांभळट पडली. बांधापलीकडे जिथे अण्णांनी जिद्दीने थोडी मटकी टाकली होती, तिथला शाळू मात्र हिरवागार. अण्णा मला म्हणाले, "मास्तर, तुमचं रान झोपलं नव्हतं, उपाशी होतं."

श्रोतेहो, मला उत्तर देता येईना. पिकांच्या मुळांतली ही बुरशी जिवंत मुळाशिवाय जगत नाही. मूळ नाही तर साखर नाही. मग ती बीजाणूंच्या रूपाने वाट पाहत राहते, आणि वाट लांबली की त्यांतले बरेच मरतात. वर खोल नांगरटीने धाग्यांचे जाळे तुटते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये फार दिवस पड राहिलेल्या जमिनीत पिके अशीच खुरटतात, आणि या बुरशीची घट हे तिथे त्याचे कारण ठरले आहे. आमच्या रानात दुसरे काहीच कारण नव्हते असे मी म्हणणार नाही. पण जांभळे पान ही स्फुरदाच्या उपासमारीची खूण आहे, हे तर मीच मुलांना शिकवतो!

आता पावसाची तऱ्हा बदलते आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. एकदा कोसळतो, मग आठवडेच्या आठवडे ओढ देतो. अशा ओढीत पीक पानांची तोंडे मिटून घेते. साखर कमी होते, आणि बुरशीचाही घास आखडतो. म्हणजे दुष्काळ दोघांनाही मारतो. ओलच संपली तर बुरशी काही चमत्कार करणार नाही. पण आठ-दहा दिवसांची ओढ सोसायची तर तिची सोबत मोठी.

मग आपण काय करावे? रान सबंध वर्ष उघडे ठेवू नये. थोडी मटकी, हुलगा काहीतरी जिवंत असू द्यावे. गरज नसता खोल नांगरट करू नये. स्फुरदाचे खत माती तपासून घालावे, कारण ते फाजील झाले की पीक या गड्याला दारातूनच परत पाठवते. बाजारात या बुरशीची पुडी मिळते. ती सगळ्या रानात घालण्याआधी दोन ओळींवर घालून पाहा.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुम्हांला एक विनंती. हलक्या रानाची माती वाफवून, गार करून दोन कुंड्यांत भरा. एकीत बांधावरच्या गवताच्या मुळांसकट मूठभर माती मिसळा, दुसरीत तीच माती वाफवून घाला. दोन्हींत कांद्याचे बी टोका. कांद्याला केशमुळे फार थोडी, म्हणून त्याला या सोबत्याची गरज जास्त. दोन महिने मुलांना मोजमाप लिहू द्या. फरक पडला तर का, नाही पडला तर का, हे त्यांनाच विचारा.

आमच्या त्या तुकड्यात अण्णा आता शाळूआधी मटकी घेतात. मला विचारत नाहीत. आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही.