फोरकास्ट, अंदाज आणि कौल

श्रोतेहो, मृग निघायला अद्याप आठ-दहा दिवस अवकाश असतानाच आजऱ्याकडचा शेतकरी कोरड्या धुळीत कुरी धरून भात पेरून मोकळा होतो, आणि पाऊस लांबलाच तर ते बियाणे मुंग्यांचे नि पाखरांचे, हेही तो जाणून असतो. धूळवाफेतील या धिटाईला इंग्रजीत नेमका शब्द आहे, ‘फोरकास्ट’.

‘फोर’ म्हणजे आधी आणि ‘कास्ट’ म्हणजे फेकणे. परंतु या ‘कास्ट’ला मनाशी बेत आखणे, हिशेब मांडणे असेही अर्थ पूर्वी होते, आणि ‘फोरकास्ट’ कित्येक शतके त्या पूर्वयोजनेच्या अर्थानेच नांदत होता. हवेशी त्याची सोयरीक जुळवली ती रॉबर्ट फिट्झरॉयने. डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजावरून जगप्रदक्षिणा करून आला, त्याचाच हा कप्तान. 1859 च्या तुफानात ‘रॉयल चार्टर’ हे जहाज शेकडो उतारूंसह फुटले, तेव्हा त्याने तारायंत्राने इशारे धाडण्याची व्यवस्था उभारली, 1861 च्या ऑगस्टात लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये उद्याची हवा छापून येऊ लागली, आणि आपण सांगतो ते ज्योतिष नव्हे, निरीक्षण व गणित यांवर बेतलेले मत आहे, हे बजावण्यासाठी त्याने हा शब्द मुद्दाम योजला. लोक तरीही त्याला ज्योतिषी समजूनच हसले, हा भाग अलाहिदा.

आता आपला ‘अंदाज’ पाहावा. तो फारसी, ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे या धातूचा. तीर सोडतो तो तीरंदाज, गोळा डागतो तो गोलंदाज, त्यांच्याच घरचा. इंग्रज आणि इराणी यांनी एकमेकांस न पुसता उद्याकडे पाहण्यासाठी एकच हात उगारावा, याची मला मोठी गंमत वाटते. (‘ब्रॉडकास्ट’ म्हणजेही मुळात मुठीने बी फोकून पेरणे, तेच मी या क्षणी करीत आहे!)

घाटमाथ्यावरच्या आपल्या मुलुखात आणि खाली कोकणात मात्र तिसरीच रीत आहे. ‘कौल’ हा शब्द अरबी, अर्थ वचन. सरकार रयतेस लागवडीसाठी अभयाचा लेख देई, तोही कौलच. देवळात तो देवाकडे मागतात. गुरव गाऱ्हाणे घालतो, मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो, आणि मग कोणी काही फेकत नाही. पाकळी उजवीकडची सुटते की डावीकडची, एवढेच पाहत सारा गाव समईच्या उजेडात उभा असतो.