‘ढ’ हा शिक्का आणि वाचनाची अडचण

राज्यातील मराठी शाळांत शिकवली जाणारी पाठ्यपुस्तके पुण्यातील सेनापती बापट मार्गावरच्या बालभारतीत, म्हणजे १९६७ साली स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळात तयार होतात. त्याच पुण्यातल्या वर्गांत या पुस्तकांतील एक ओळ वाचताना घामाघूम होणारी मुलेही असतात आणि त्यांच्यापैकी काहींच्या अडचणीचे नाव डिसलेक्सिया असे आहे. बुद्धी, दृष्टी व श्रवण ठीक असताना आणि नीट शिकवूनही शब्दातले ध्वनी सुटे करणे व ते अक्षरांशी जोडणे सहजी जमत नाही, या मेंदूच्या जडणघडणीशी निगडित स्थितीला ही संज्ञा आहे.

ही अडचण इंग्रजी माध्यमापुरतीच असते, हा समज खरा नाही. ‘कि’मधली वेलांटी क-च्या आधी लिहिली जाते, उच्चारली मात्र नंतर जाते, ‘सूर्य’मधला र रफार होऊन य-च्या डोक्यावर बसतो, पण बोलताना य-च्या आधी येतो, घ आणि ध, भ आणि म यांतला फरक तर एवढ्याशा रेषेचा. म्हणूनच मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी बनवलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे, आणि मराठीत शिकणाऱ्या मुलाची पारख मराठीतूनच व्हावी, हे योग्यच होय.

अशा मुलाला पूर्वापार मिळत आलेले विशेषण म्हणजे ‘ढ’. ब्राह्मी लिपीपासून या अक्षराचा आकार फारसा बदलला नाही, म्हणून न सुधारणाऱ्याला ‘ढ’ म्हणू लागले, असे सांगतात. अक्षरांपाशी अडणाऱ्या मुलाला एका अक्षरानेच हिणवावे, यासारखी क्रूर गोष्ट नाही, कारण वाचन हे शिकवून सुधारते आणि हिणवल्याने मात्र मूल प्रयत्नच सोडते.

आत्मविश्वास नुसत्या शाबासकीने येत नाही, कारण खोटे कौतुक मुलाला लगेच कळते. तो येतो स्वतःला जाणवलेल्या यशातून. यासाठी, आपण आळशी किंवा मंद नसून आपल्याला अक्षर-ध्वनीची सांगड घालायला अधिक वेळ लागतो, हे मुलाला सोप्या शब्दांत आधी सांगावे लागते. पुढे रव्यात किंवा वाळूत बोटाने अक्षर गिरवताना त्याचा ध्वनी मोठ्याने म्हणणे, स्वरचिन्हे एकेक करून पक्की झाल्यावरच जोडाक्षरांकडे वळणे, आणि आयत्या वेळी वर्गासमोर उभे करून वाचायला लावण्याऐवजी आदल्या दिवशी उतारा घरी देणे, अशा साध्या गोष्टींनी बराच फरक पडतो. इतिहासाचे उत्तर तोंडी विचारले की त्याच मुलाला धडा किती समजला आहे, हेही उघड होते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला असून, दहावीच्या परीक्षेत प्रमाणपत्राच्या आधारे जादा वेळ व लेखनिक मिळू शकतो. लोक काय म्हणतील या भीतीने कित्येक पालक प्रमाणपत्रच काढत नाहीत आणि त्याची किंमत मुलाला मोजावी लागते. शिवाय मनातले उत्तर दुसऱ्याला सांगून लिहून घेणे हे वेगळे कौशल्य असल्यामुळे, लेखनिकासोबतचा सराव परीक्षेच्या तोंडावर नव्हे, तर आठवीपासूनच घटक चाचण्यांत सुरू व्हायला हवा.