जोडीनें चालणारे इलेक्ट्रॉन



लोणावळ्यास वळवण तलावाच्या कांठीं उभें राहिलें, म्हणजे घाट उतरून खोपोलीस जाणारें पाणी डोळ्यांपुढें येतें. टाटांच्या या जलविद्युत् योजनेचा पाया १९११ सालीं लोणावळ्यास घातला गेला, आणि १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईस मिळूं लागली. या विजेचा कांहीं अंश मात्र वाटेंत तारा तापवण्यांतच खर्ची पडतो. कारण धातूच्या कंप पावणाऱ्या अणूंशीं अडखळत इलेक्ट्रॉनांना मार्ग काढावा लागतो.

योगायोग असा, कीं त्याच १९११ सालीं हॉलंडांत लायडेन येथें कॅमरलिंग ओनेस यांना पाऱ्याचा रोध ४.२ केल्विनला, म्हणजे शून्याखालीं सुमारें २६९ अंश सेल्सिअसला, पार नाहींसा झालेला आढळला. हीच अतिवाहकता. तिचें मर्म बार्डीन, कूपर व श्रीफर यांनीं १९५७ सालीं उलगडलें. एरवीं एकमेकांस दूर लोटणारे इलेक्ट्रॉन तेथें जोडीनें बांधले जातात, आणि सर्व जोड्या दिंडीप्रमाणें एका तालावर चालतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत २०१६ सालीं बिस्मथही अतिवाहक ठरला. पण त्यासाठीं तो ०.०००५३ केल्विनपर्यंत थंड करावा लागला!

आतां या दिंडीच्या वाटेंत एकाच वारकऱ्यापुरती खोली आली तर? क्वांटम डॉट ही तशीच खोली होय. मीटरच्या अब्जांशांत मोजावा असा हा अर्धवाहकाचा कण. त्यांत इलेक्ट्रॉन मोजून एकेक घेतां येतो. आंत बसलेला दुसऱ्यास बाहेर लोटूं पाहतो. दोहों बाजूंस अतिवाहक जोडले, कीं एक म्हणतो ‘जोडीनें या’, दुसरा म्हणतो ‘एकेकटे या’.

निसर्ग तोड काढतो. जोडींतील इलेक्ट्रॉन एकामागून एक खोलींतून निसटतात व पलीकडे पुन्हां जुळतात. परंतु खोलींत एक एकटा इलेक्ट्रॉन अगोदरच बसलेला असेल, तर ओलांडतांना जोडीचा क्रम उलट होतो, आणि रोधरहित प्रवाहाची दिशाच फिरते. हें २००६ सालीं हॉलंडांतच, डेल्फ्ट येथें, प्रत्यक्ष मोजलें गेलें. हा एकटा इलेक्ट्रॉन अतिवाहकाशीं फार घट्ट जोडला गेला, तर मात्र तो त्याच्याशींच जुळून जातो व प्रवाह पूर्ववत् सुलट वाहतो.

क्वांटम संगणकाचे घटक रचूं पाहणारे शास्त्रज्ञ अशाच खोल्यांचा अभ्यास करीत आहेत. खोपोलीच्या तारा मात्र अजून तापतातच.