तंजावरचे माधवराव: तीन दरबार, एक दिवाण

तिरुवैयारु म्हटलं की त्यागराज आठवतात. आज मात्र याच कावेरीकाठच्या कुंभकोणमला 1828 साली जन्मलेल्या एका मराठी माणसाविषयी बोलू. सर टी. माधवराव. यातला 'टी' म्हणजे तंजावर.

घराणंच दिवाणांचं. वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव, दोघांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी केलेली. माधवराव मद्रासला शिकले आणि 1849 मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले.

पुढे 1855 साली तंजावरचे शिवाजीराजे वारले. मुलगा नाही, असं म्हणून इंग्रजांनी राज्य खालसा केलं. त्याच वर्षी डलहौसीनं त्रावणकोरलाही तंबी दिली होती: कारभार सुधारा, नाहीतर राज्य जाईल. अशा वेळी तिशीच्या आतले माधवराव तिथले दिवाण झाले.

त्यांचं काम काय होतं? एका बाजूला महाराज, दुसऱ्या बाजूला इंग्रज रेसिडेंट. दोघांचंही ऐकायचं, पण राज्य घ्यायला निमित्त मिळू द्यायचं नाही. त्यांनी मिरी आणि तंबाखूवरची सरकारी मक्तेदारी उठवली. 1865 मध्ये ब्रिटिश सरकार आणि कोचीनबरोबर व्यापाराचा करार झाला. खजिना सावरला, राज्य टिकलं.

1873 मध्ये ते इंदूरला होळकरांकडे गेले. 1875 मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर इंग्रजांनी त्यांना बडोद्याला नेमलं. तिथे गादीवर आलेले सयाजीराव बारा वर्षांचे, नाशिककडच्या कवळाण्याचे. राजानं कसं वागावं यावर माधवरावांनी त्यांना दिलेली व्याख्यानं 'मायनर हिंट्स' या नावानं 1881 मध्ये छापली गेली. त्याच वर्षाअखेर सयाजीरावांच्या हाती कारभार आला, आणि 1882 मध्ये माधवरावांनी बडोदा सोडलं. शिष्याला आता स्वतःच्या मतानं चालायचं होतं.

काही जण म्हणतात, ते इंग्रजांच्या फार कलानं घेत. आरोप अगदीच खोटा नाही. पण तंजावर कसं गेलं हे ज्यानं पाहिलं, तो सावध राहणारच. आणि हेच माधवराव 1887 च्या मद्रास काँग्रेसचे स्वागताध्यक्ष होते, हेही विसरू नका.

चुलतभाऊ रघुनाथराव इंदूरचे दिवाण झाले, मुलगा आनंदराव म्हैसूरचा. स्वतःचं राज्य गेलेल्या मुलखातल्या एका मराठी घरानं इतरांची राज्यं सांभाळली. तिरुवनंतपुरमला गेलात तर सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे. त्या भागाला लोक आजही 'स्टॅच्यू' म्हणतात. आपल्या मुलांना तो कोणाचा, हे जरूर सांगा.