धुक्यातला उजेड : ट्रकला फॉग लाईट निवडताना
(मंडळाच्या गणेशोत्सवात जैनाबाद येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीत व्याख्यान म्हटले की संतांवर किंवा इतिहासावर बोलायची पद्धत. मंडळाने आम्हाला मात्र गाड्यांवर बोलायला सांगितले, कारण आमची पदविका यंत्र अभियांत्रिकीची, आणि सरकारी नोकरीतला बराचसा काळ वाहनांच्या देखभालीत गेला. विषय आम्ही मुद्दाम लहान घेतला आहे : ट्रकला वेगळे विकत घेऊन बसवायचे एलईडी फॉग लाईट. भाद्रपदात धुक्याचे काय काढले, असे कोणी म्हणेल. पण लाईट बसवायचे ते आताच. जानेवारीत गाडी मुरैन्याच्या पुढे धुक्यात असते, तेव्हा दुकान शोधून उपयोग नसतो.

आपल्याकडे धुके म्हणजे थंडीत पहाटे तापीवर येणारा पांढरा पडदा. उन्हे वर आली की तो जातो. पण इथली केळी भरून निघालेली गाडी अशीरगडचा घाट चढते, खंडवा, इंदूर करते आणि गुणा, शिवपुरी, ग्वाल्हेरवरून आग्रा-दिल्लीकडे जाते. तिथले धुके दुपारपर्यंतही हटत नाही. हवामान खात्याच्या भाषेत दृश्यमानता २०० मीटरच्या खाली गेली की दाट धुके आणि ५० मीटरच्या खाली गेली की अतिदाट. केळी कापली की तिचे घड्याळ सुरू होते. कापसाची गाठ दोन दिवस ढाब्यावर उभी राहिली तर चालते, केळी राहत नाही. म्हणून ड्रायव्हर थांबत नाही. इथे बसलेल्यांपैकी किती घरांतली मुले त्या गाड्यांवर आहेत, ते आम्ही सांगायला नको.

आता आरतीच्या वेळी एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली असेल. धूप पेटला, धूर वर गेला, आणि मंडपाच्या कोपऱ्यातल्या फोकसचा झोत एकदम दिसायला लागला. आधी झोत होताच, पण दिसत नव्हता. धुराने उजेड आपल्या डोळ्यांकडे परत फेकला. फोकसच्या बाजूला उभे राहून त्याच दिशेने पाहिले तर पलीकडची मूर्ती फिकट होते आणि पुढे नुसता पांढरा धूर दिसतो. धुक्यात हेच होते. पाण्याचे बारीक थेंब उजेड परत पाठवतात, आणि उजेड जितका डोळ्यांच्या रेषेत आणि जितका प्रखर, तितकी समोरची भिंत पांढरी. अपर मारला की रस्ता आणखी नाहीसा होतो, हे कोणताही जुना ड्रायव्हर सांगेल.

म्हणून फॉग लाईटचे काम लांब उजेड टाकण्याचे नाहीच. त्याने गाडीच्या पुढचा रस्ता, कडेची पांढरी पट्टी, दुभाजक एवढेच दाखवायचे. उजेड रुंद हवा, चपटा हवा आणि वरून सुरीने कापल्यासारखा हवा. त्या कापलेल्या रेषेच्या वर अंधार राहिला पाहिजे, कारण ड्रायव्हर त्या अंधारातूनच पुढे पाहतो. ट्रकच्या ड्रायव्हरला इथे एक फायदा आहे. तो उंच बसतो, दिवा खाली बंपरवर असतो, दोघांत अंतर पडते, परत येणारा उजेड डोळ्यांत कमी शिरतो. आणि आपले लोक काय करतात? लांबलचक एलईडी पट्टी केबिनच्या टपावर, थेट डोळ्यांच्या वर बसवतात. मिळालेला फायदा पैसे देऊन घालवायचा म्हणतात तो हाच.

कायद्याकडे लोक चलनाचे पुस्तक म्हणून पाहतात. आम्ही नियम वाचले तेव्हा आम्हाला वेगळेच दिसले. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा, इतका की दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला झळ लागू नये. उजवीकडे का? कारण समोरचा तिकडून येतो. नियम १११ पुढे स्पॉटलाईट, सर्चलाईट लावू देत नाही. अपवादाला नोंदणी अधिकाऱ्याची आगाऊ मंजुरी लागते. नियम १०८ प्रमाणे पुढे लाल उजेड दाखवायचा नाही. दिवे कुठे बसवायचे ते एआयएस-००८ या मानकात आहे. पुढचे फॉग लाईट दोन, रंग पांढरा किंवा पिवळा, जमिनीपासून निदान २५० मिलिमीटर वर, पण हेडलाईटच्या डिपरपेक्षा उंच नाहीत, आणि गाडीच्या बाहेरच्या कडेपासून ४०० मिलिमीटरच्या आत. म्हणजे खाली, कडेला आणि झोत दबलेला. ड्रायव्हरच्या डोळ्यांना जे हवे तेच नियम मागतो आहे. टपावरची पट्टी बेकायदाही आहे आणि धुक्यात निरुपयोगीही, हा योगायोग नाही. दंडाचे म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

रंगावर पानटपरीवर फार वाद होतात. पिवळा उजेड धुके चिरतो, असे म्हणतात. चिरत नाही. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे असतात, ते पिवळ्याला आणि पांढऱ्याला जवळपास सारखेच विखुरतात. फ्रान्समध्ये १९३६ पासून १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळेच दिवे सक्तीचे होते, त्यातून ही समजूत आणखी घट्ट झाली असावी. तरीही आमचे मत पिवळ्याच्या बाजूने आहे, कारण वेगळे आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर पिवळट लेप देऊन तो पांढरा करतात, आणि निळा भाग शिल्लक राहतोच. निळसर उजेड डोळ्यांना बोचतो. रात्रभर गाडी हाकणाऱ्याला ३००० केल्व्हिनच्या आसपासचा पिवळा सोसतो, ६५०० चा बर्फासारखा पांढरा सोसत नाही. पण झोत फुटका असेल तर पिवळा घेऊनही काही वाचणार नाही.

दुकानात गेल्यावर पाकिटावरच्या ल्यूमेनकडे पाहू नका, काचेकडे पाहा. काचेवर गोलात इंग्रजी 'ई' अक्षर आणि शेजारी आकडा कोरलेला असतो. तो युरोपीय नियमांनुसार मान्यतेचा शिक्का. जवळच 'बी' किंवा 'एफ ३' असेल तर तो दिवा फॉग लाईट म्हणून तपासलेला आहे. नुसता 'ई' असून भागत नाही, कारण रिव्हर्स लाईटवरही 'ई' असतो. कोरलेला शिक्का आणि चिकटवलेला स्टिकर यांतला फरक बोटाने कळतो. वॅटचेही तसेच. 'दोनशे वॅट' खरे असते तर २४ व्होल्टच्या गाडीवर त्याने आठ अँपिअरहून जास्त ओढले असते. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे डीसी क्लॅम्प मीटर असतो, तो लावून पाहा. पाकीट आणि मीटर यांची भेट क्वचितच होते. खरा पंधरा-वीस वॅटचा, नीट कापलेल्या झोताचा दिवा धुक्याला पुरतो. व्होल्टेज मात्र तपासा. १२ व्होल्टचा कारचा दिवा ट्रकला लावला की पहिल्याच दिवशी जातो.

जुन्या फॉग लाईटमध्ये हॅलोजन काढून एलईडीचा बल्ब ठोकायचा, हा स्वस्तातला उपाय आम्हाला अजिबात मान्य नाही. आतला आरसा त्या बारीक तारेच्या जागेचा हिशेब करून घडवलेला असतो. एलईडीची चिप त्या जागी बसत नाही, उजेड वर-खाली फुटतो आणि वरची रेष नाहीशी होते. घ्यायचा तर दिवा पूर्ण घ्या. मागे ॲल्युमिनियमच्या पाकळ्या जाड हव्यात, कारण एलईडीला उष्णता मारते. आयपी ६७ असेल तर धूळ आणि पाणी शिरत नाही. पण गाडी धुणारे पोरगे प्रेशर पंप थेट दिव्यावर धरत असेल तर आयपी ६९के शोधा. जोडणी रिले आणि फ्यूज घालून, स्विच वेगळा. धुके सरल्यावर तो बंद करता आला पाहिजे, आणि बंद करायलाही पाहिजे.

आता सगळ्यांत दुर्लक्षित काम : दिवा जुळवणे. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. झोताची वरची रेष त्या खुणेच्या १५ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. दिवा ७० सेंटिमीटरवर असेल तर या उताराने वरची रेष रस्त्याला सुमारे ४७ मीटरवर टेकते. गाडी भरलेली असताना जुळवा. माल भरला की मागचे पाटे दबतात, नाक वर होते. रिकाम्या गाडीवर जुळवलेला दिवा केळी भरल्यावर समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

हे ४७ मीटर लक्षात ठेवा. ६० च्या वेगाने भरलेला ट्रक सेकंदाला साधारण १७ मीटर जातो. दीड सेकंद भान यायला, मग ओल्या रस्त्यावर ब्रेक. हिशेबाने ६० मीटर लागतात. ४० च्या वेगाला ३२. म्हणजे ६० ने जाणारा ड्रायव्हर उजेडाच्या पुढे पळतो आहे, दिवा कितीही महाग असो.

मागच्या बाजूचे थोडक्यात सांगतो. धुक्यात मागून येऊन धडकणारा आपल्या पुढच्या दिव्याला पाहत नाही. मागची लाल, बाजूची पिवळी परावर्तक पट्टी दर आठवड्याला फडक्याने पुसा; केळीचा चीक आणि धूळ बसली की ती काही परत पाठवत नाही. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावून ठेवू नका, वळताना कोणाला कळत नाही. उभी करायची तर रस्ता सोडून उभी करा, तेव्हा लावा.

दिवाळी झाली की एका रविवारी संध्याकाळी, अंधार पडल्यावर, आम्ही इथल्या मैदानाच्या भिंतीसमोर खडू आणि मोजपट्टी घेऊन बसणार आहोत. ज्यांना दिवे जुळवायचे असतील त्यांनी गाडी घेऊन यावे. पाना आम्ही आणू. गाडी तेवढी भरलेली आणा.