टाचेची कळ आणि लहरींचे ठोके

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, असं आपण म्हणतो. माझं टाचेचं दुखणं मात्र आलंही मुंगीच्याच पावलांनी. पहाटे उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसावा तशी कळ यायची. दहा-वीस पावलं चाललो की ओसरायची आणि मी ती विसरायचो. असे आठ महिने गेले. नमाजात बसताना उजव्या पायाची बोटं दुमडून टाच उभी ठेवतात. तेवढं बसणंही जड जाऊ लागलं, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी समजावलं ते असं. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळपायात एक जाड पट्टा असतो. त्याला प्लांटार फॅशिया म्हणतात. पायाची कमान तो धनुष्याच्या दोरीसारखा ताणून धरतो. हाडाला तो चिकटतो तिथं रोजच्या ताणानं त्याची झीज होते आणि शरीराची डागडुजी मागे पडते. स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना कंडरा म्हणतात. टेनिस एल्बो किंवा घोट्यामागच्या कंडरेचं जुनं दुखणं याच जातीचं.

आधी व्यायाम दिले, पादत्राणं बदलली. तीन महिन्यांत फरक पडला, पण कळ गेली नाही. मग डॉक्टरांनी शॉकवेव्हचं नाव काढलं.

घरी सांगितलं तर पत्नी दचकली. “म्हणजे पायाला करंट देणार?” खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं होतं. आपल्याकडे शॉक म्हणजे विजेचाच. पण या उपचारात शरीरात वीज जात नाही. जातात त्या दाबाच्या लहरी, ध्वनीच्याच कुळातल्या.

या लहरींची कुळकथा मोठी गमतीची आहे. अतिवेगानं उडणाऱ्या विमानांवर पावसाचे थेंब आदळले की धातूवर काय परिणाम होतो, याचा अभ्यास जर्मनीतली डॉर्निए ही विमान कंपनी करत होती. त्यातून आघातलहरींचं ज्ञान वाढलं आणि फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला एका रुग्णाचा मुतखडा शस्त्रक्रियेविना, लहरींनी फोडला गेला. पुढे हाडं आणि कंडरांसाठीही त्या वापरून पाहिल्या. २००० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं टाचदुखीसाठी अशा यंत्राला मान्यता दिली.

कंडरेत मात्र काही फोडायचं नसतं. ठोक्यांनी तिथल्या पेशी जाग्या होतात, नव्या रक्तवाहिन्यांना चालना मिळते आणि वेदनेचे संदेश मंदावतात, असं मानलं जातं. नेमकी यंत्रणा अजून पूर्ण उलगडलेली नाही. एका प्रकारात लहरी खोलवर एका बिंदूशी एकवटतात. दुसऱ्यात हवेच्या दाबानं नळीतला छोटा धातूचा तुकडा टोकावर आपटतो आणि दाब पसरत आत जातो. माझ्यावर दुसरा प्रकार झाला. टाचेला जेली लावली, टोक टेकवलं आणि शिलाई मशीनसारखी टकटक सुरू झाली. नेमक्या दुखऱ्या जागी दोन हजार ठोके. दातओठ खाऊन पाचेक मिनिटं काढली. आठवड्याला एक, अशा तीन बैठका झाल्या.

आता गुण किती? इथं जपून बोललं पाहिजे. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १६६ टाचदुखीच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना खरा उपचार दिला, काहींना नुसता देखावा. दोघांत फरक दिसला नाही. २०१५ च्या, सुमारे अडीचशे रुग्णांच्या अभ्यासात मात्र खऱ्या उपचारानं वेदना साधारण ६९ टक्क्यांनी घटली, देखाव्यानं ३४ टक्क्यांनी. म्हणजे फायदा आहे. पण नुसत्या देखाव्यानंही तिसरा हिस्सा दुखणं कमी होतं, हेही लक्षात ठेवावं. खांद्याच्या रोटेटर कफच्या दुखण्याबद्दल कोक्रेनच्या २०२० च्या आढाव्यात तर फारसा लाभ आढळला नाही. तेव्हा “शंभर टक्के गुण” अशी पाटी दिसली तर दोन प्रश्न जास्त विचारावेत. गरोदर स्त्रिया, रक्त पातळ करणारी औषधं घेणारे किंवा त्या जागी गाठ असलेले रुग्ण यांनी तर डॉक्टरांना आधी हे सांगितल्याशिवाय यंत्राजवळही जाऊ नये.

माझी टाच तीन महिन्यांनी बरीच हलकी झाली. श्रेय लहरींचं, व्यायामाचं की काळाचं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. व्यायाम मात्र कधी सोडला नाही.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. एका पहाटे जाग आली, तर पत्नी पलंगाच्या कडेला बसून माझाच व्यायाम करत होती. एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा, बोटं नडगीकडे ओढायची, दहा अंक मोजायचे, असं दहा वेळा.

“तुला कशाला हे?”

“दोन वर्षं झाली,” ती म्हणाली. “तुमची टाच बरी होऊ दे, मग सांगीन म्हटलं.”

तीस वर्षं ती अनवाणी फरशीवर उभी राहून स्वयंपाक करते आहे. मी माझ्या टाचेसाठी म्युनिकपर्यंत पोचलो, पण ओट्यापाशी पोचलो नव्हतो. तिच्या कण्हण्याला मी थकवा म्हणत आलो होतो.

दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, यंत्राची गरज आत्ता नाही. आधी घरात मऊ तळाची चप्पल आणि नियमानं व्यायाम. बारा आठवड्यांनी पाहू.

आता पहाटे आम्ही दोघं पलंगाच्या दोन कडांना बसतो. अंक मोजण्याचं काम माझ्याकडे आहे.

श्रोतेहो, तुमच्याही घरात सकाळी कुणी भिंतीचा आधार घेऊन पहिली चार पावलं टाकत असेल. एकदा विचारून पाहा.