आठवीनंतरचे ताट



शहरातल्या गरीब वस्त्यांतून नगरपालिकेच्या व अनुदानित शाळांत येणाऱ्या तेरा ते सोळा वर्षांच्या मुलींचा आहार व व्यायाम, हा आजचा विषय आहे.

शाळेत जेवण देण्याची कल्पना नवी नव्हे. १९५६ साली मद्रास राज्यात कामराजांनी तिला चालना दिली. १९९५ साली योजना देशभर सुरू झाली आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोरड्या धान्याऐवजी शिजवलेले अन्न मुलांच्या ताटात पडू लागले. सहावी ते आठवीच्या मुलांना त्यातून ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा दंडक आहे. परंतु केंद्राची ही योजना आठवीशी थांबते.

आता शरीराचा हिशेब पाहा. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला रोज २२ मिलिग्रॅम लोह लागते, मुलीला ३०. कारण वाढ आणि मासिक पाळी अशी दोन देणी तिला एकदमच द्यावी लागतात. म्हणजे गरज वाढली आणि नेमके तेव्हाच ताट उचलले गेले! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या शंभर मुलींत एकोणसाठ रक्तक्षयी आढळल्या. शंभर मुलग्यांत एकतीस. निसर्गाचा वाटा त्यात आहेच. पण घरात शेवटी जेवणारीच्या पानात काय उरते, हे येथील भगिनींना मी सांगायला नको.

शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देण्याची व्यवस्था आहे. ती जेवणावर घ्यावयाची. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते, आणि पुढल्या आठवड्याची गोळी दप्तरातच राहते. वर चहा प्यायला तर लोह नीट अंगी लागत नाही. लिंबू-आवळा असला तर अधिक लागते.

व्यायामाचेही तेच. या वयाला रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण याच वयात मुलीचे मैदान सुटते. “घरकाम करते की!” असे म्हणणारे भेटतात. घरकामाने ती थकते; लंगडीने, खो-खोने, कबड्डीने ती मोकळी होते. मात्र उपाशी मुलीला पळवू नये. आधी घास, मग खेळ.

हे अशक्य आहे काय? तामिळनाडूत व कर्नाटकात दहावीपर्यंत शाळेत जेवण मिळते. तसे आपल्याकडेही मागू या. तोवर प्रत्येक पेठेने आपल्या शाळेपुरते मूठभर चणे-शेंगदाणे, लिंबाची एक फोड आणि मुलींसाठी राखलेले तासभर मैदान, एवढे तरी पदरचे द्यावे. मुलीला शिकवा, असे आपण तिच्या आईबापांना सांगतो. मग नववीच्या वर्गात ती उपाशी बसणार नाही, हे पाहणे आपलेच काम आहे.